देवाच्या डोक्यावरून

ती भिंत अजून उभी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की पडलेली भिंत दाखवून ही बाई आता शहाणपण शिकवतेय. पडली असती तर मला लिहायला तोंड उरलं नसतं. उभी आहे म्हणूनच लिहितेय, आणि घाईनं लिहितेय, कारण पावसाळा संपायला अजून वेळ आहे.

मी महाडची. लग्नांचे व्हिडिओ करते आणि गेली काही वर्षं ड्रोन उडवते. रीतसर शिकले, परीक्षा दिली, परवाना मिळवला, यंत्रावर नोंदणीचा नंबर चिकटवला. हे मी कुणी न विचारताच सांगते, कारण आमच्याकडे बाई रिमोट घेऊन उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला, "चालवणारे कुठं गेले?" तिथंच माझं डोकं फिरतं. मावशी म्हणते, हिच्या नाकावर राग भाड्यानं राहत नाय, मालकीचा हाय.

माय मरो, मावशी जगो म्हणतात. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. मी चौथीत असताना आई गेली आणि मावशीनं मला तिच्याकडे नेलं. पोलादपूरच्या पुढं, आंबेनळी घाट चढायला लागायच्या आधी डाव्या हाताला डोंगरात शिरलं की तिची वाडी. पोटचे दोन मुलगे मुंबईला, नवरा देवाघरी, आणि ही एकटी भात लावते, गाय सांभाळते, आणि मला दर दोन दिवसांनी फोन करून विचारते, जेवलीस का. माझ्यावर जिचा शंभर टक्के विश्वास आहे असं माणूस जगात एकच, आणि ते हे. पुढचं सगळं या विश्वासाचं मी काय केलं त्याबद्दल आहे.

शिकायला गेले तेव्हा आम्हाला आकाशाचा नकाशा दाखवला होता. हिरव्या भागात उडवा, पिवळ्यात विचारून उडवा, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. मी हात वर करून विचारलं, "आणि छपराखाली?" वर्गात हसले सगळे. शिकवणारे सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "छपराखाली रंग नाही. नकाशा बाहेरच्या हवेचा आहे. आत दोन गोष्टी धरून चालायचं. जागेच्या मालकाची लेखी परवानगी, आणि माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही. आत काही पडलं तर पोलीस तुमच्यावर आकाशाचा नियम लावणार नाहीत, निष्काळजीपणाचा लावतील. तो ड्रोन यायच्या आधीपासून आहे."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि नंतर विसरले. आठवण नात्याच्या एका लग्नात झाली. हॉलमध्ये मंगलाष्टकं चालू होती आणि मी अंतरपाटाच्या बरोबर वर ड्रोन धरून ठेवला होता. शेवटचं सावधान झालं आणि दोन-अडीचशे माणसांनी एकदम अक्षता उधळल्या. तांदूळ पात्यांत गेले. यंत्र भेलकांडलं आणि नवऱ्याच्या मामाच्या फेट्यावर उतरलं. फेटा होता म्हणून कपाळ वाचलं, कान मात्र फाटला. मामा भला माणूस, टाके घालून आला आणि जेवायला बसला. पण मी त्या दिवशी कानाला खडा लावला. त्यानंतर हॉलमध्ये माझं यंत्र माणसांच्या डोक्यावरून एकदाही गेलेलं नाही. लोक म्हणायचे, फार नखरे करते. करते.

आता देऊळ. मावशीच्या वाडीतलं ग्रामदेवतेचं देऊळ म्हणजे पूर्वी नुसता दगडी गाभारा होता, पुरुषभर उंचीचा. मुंबईकर मंडळानं त्याच्याभोवती मोठा सभामंडप बांधला. गाभारा न हलवता, त्याच्या डोक्यावरून छप्पर नेलं. जागा हवी म्हणून मागचा डोंगर थोडा कापला आणि त्या कापाला लागून मंडपाची मागची भिंत उभी केली. म्हणजे समोर मोठा हॉल, शेवटी जुना गाभारा, आणि गाभाऱ्याच्या दगडी छतामागे एक अंधारी फट, जिच्या पलीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे डोंगर. समोर उभं राहिलं तर भिंतीच्या दोन्ही कडा दिसतात. मधला भाग गाभाऱ्याआड.

तळीये गावावर डोंगर खाली आला, तेव्हापासून आमच्याकडे डोंगराकडे बघायची नजर बदलली. पूर्वी लोक ढग बघायचे, आता माती बघतात. मावशीच्या वाडीवरही कड्याला भेग आहे. म्हणून गावकीनं ठरवलं की फार पाऊस झाला की सगळ्यांनी घरं सोडून सभामंडपात जायचं. शाळेत वाडी मावत नाही. मंडप घरांपासून बाजूला आहे, पक्का आहे, आणि देवाचा आहे. यातल्या तिसऱ्या कारणावर कुणी वाद घालत नाही.

वाद मी घातला. मागची भिंत डोंगराला टेकलीय, ती कुणी बघितलीय का? कुणीच नव्हती बघितली. शिडी लावून बघायचं तर गाभाऱ्याच्या छतावर चढावं लागतं, आणि देवाच्या डोक्यावर पाय कोण देणार? गवंड्यानंसुद्धा ती भिंत बांधताना गाभाऱ्यावर फळी टाकली नव्हती, बाजूनं वाकून वाकून बांधली होती. तेव्हा गावकीच्या अध्यक्षांना सुचलं, की पाय नको तर यंत्र पाठवू. हे अध्यक्ष मुंबईत लिफ्टच्या कामात आयुष्य घालवून गावी परतलेले, सगळे त्यांना काका म्हणतात. मला फोन करून म्हणाले, "तुझा ड्रोन आतमधे चालेल ना? सिस्टिमॅटिक चेकिंग करून घेऊ. टेन्शन नको."

मी नेहमीप्रमाणे लेखी परवानगी मागितली. आणि इथून गंमत सुरू झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली. मालक कोण? मंडळ म्हणालं, बांधलं आम्ही. गावकी म्हणाली, जागा आमची. देवळाचा गुरव, पांढऱ्या मिशांचा शांत माणूस, तो म्हणाला, "बाय, मालक आत बसलाय. त्याला विचारा." मी चिडून म्हटलं, त्याची सही कशी घेऊ? तर काका गंभीरपणे म्हणाले, "कौल लावू."

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा आमचा रिवाज. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, भाऊबंदकी, सगळं यावर चालतं. मी मनात म्हटलं, चला, मालकाची परवानगी तर आहे, लेखी नसली म्हणून काय झालं.

मे महिन्यातली दुपार होती. अख्खी वाडी जमलेली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, ही पोर यंत्र उडवनार हाय, तुज्या मंडपात फिरवंल, तुज्या डोक्यावरनं मागं नेऊन भिंत बघंल, तुजी मर्जी असंल तर उजवी दे. पाकळी पडायला फार वेळ लागला नाही. डावी पडली.

आता खरं सांगते, आणि हे मी आजवर मावशीलाही सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं झालं. छपराखाली उपग्रहाचा पत्ता लागत नाही, यंत्र खालची जमीन बघून तोल धरतं, आणि त्या फटीत मिट्ट अंधार. तिथं नेलं असतं तर ते परत येईल याची मला खात्री नव्हती. मी ते कबूल केलं असतं तर काय झालं असतं? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणाले असते. देवानं नाही म्हटलं आणि माझी अब्रू राहिली. मी हात जोडले, मालकाची परवानगी नाही तर मी जात नाही म्हणाले, आणि लोकांनी कौतुकानं माना हलवल्या.

उरलेला मंडप मी झकास उडवला. लोकांना बाहेर काढलं, छपराचे लोखंडी सांगाडे, खांब, बाजूच्या भिंती, सगळं टिपलं. कुठं काही नव्हतं. मग दोन ओळींचा अहवाल लिहिला. पाहणी केलेला भाग ठीक दिसतो. गाभाऱ्यामागची भिंत पाहता आलेली नाही. दुसरी ओळ लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. नियमानं वागणारी बाई. उद्या काही झालं तर बोट माझ्याकडे येणार नाही.

काकांनी बैठकीत पहिली ओळ वाचून दाखवली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. हे मला नंतर कळलं. पण नंतर म्हणजे किती नंतर, तर जुलैत, मावशीच्या फोनवरून. मी तिला म्हटलं होतं की पाऊस वाढला तर तू महाडला माझ्याकडे ये. ती म्हणाली, "कशाला गो? मंडप हाय ना."

"मावशी, देवानं नाही सांगितलं होतं."

"देवाचं देवाला. तू वर जाऊन बघितलंस ना? मंग झालं. मी तर सगळ्यांना सांगितलंय, आमच्या पोरीनं तपासलंय, डोळं मिटून झोपा."

माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. मी मागची भिंत बघितलेली नव्हती, आणि ही बाई माझ्या नावावर अख्ख्या वाडीला तिच्याखाली झोपवायला निघाली होती. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची गाय सुटली आणि तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. उद्या लावू म्हटलं. असा उद्या मी तीन दिवस केला.

चौथ्या दिवशी सकाळी मावशीचाच फोन आला, की पऱ्याचं पाणी लाल झालंय आणि सगळे मंडपात गेलेत. पऱ्या म्हणजे वाडीशेजारचा ओढा. तो भर पावसातही नितळ वाहतो, वर रान आहे म्हणून. लाल झाला म्हणजे वर कुठंतरी माती सुटली. मी ड्रोनची पेटी गाडीत टाकली आणि निघाले. पोलादपूरपर्यंत पुढची गाडी दिसत नव्हती इतका पाऊस.

मंडपात शिरले तर वाडीतला एकूणएक माणूस आत. ओल्या घोंगड्यांचा आणि चुलीच्या धुराचा वास. समोरून पावसाची झड येत होती, म्हणून पुरुष पुढं बसलेले आणि बायका, म्हातारी माणसं, तान्ही पोरं सगळी मागं सरकून गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, भिंतीला टेकून. सगळ्यात कोरडी जागा तीच. मावशी अगदी कोपऱ्यात, उशाला गाठोडं घेऊन. मला बघून तिचा चेहरा उजळला. शेजारणीला म्हणाली, "बघ, आली. पावसापान्याची आली."

मी उभ्या उभ्या सगळ्यांना सांगितलं, की ही मागची भिंत मी बघितलेली नाही. अहवालात तसं लिहिलंय. इथून उठा.

मग काका म्हणाले, "लिहिलं म्हणजे काय? तोंडानं सांगायचं ना." आणि ते बरोबर होतं. मला इतका राग आला, आणि तो काकांचा नव्हता. मागून कुणीतरी बोललं, उंटावरून शेळ्या हाकायचं काम. तेही बरोबरच होतं. मावशी माझ्याकडे बघत होती. तिनं काही विचारलं नाही.

उठून जायचं कुठं, हा प्रश्न होताच. खाली डांबरी रस्त्यापर्यंत चालत, तिथून टेम्पोनं पोलादपूर. म्हातारी माणसं, पोरं, आणि वर हा पाऊस. काका म्हणाले, "पुन्यांदा कौल लावू. देव म्हणाला जा, तर जाऊ." गुरवानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही बघत बसलो.

पाकळ्या पडेनात. उजवीही नाही, डावीही नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकून पाहिलं. मूर्ती ओली होती. नुसती दमट नाही, पाण्याची बारीक धार मस्तकावरून खाली येत होती आणि पाकळ्या तिच्यात घट्ट चिकटून बसल्या होत्या. मी गुरवाला विचारलं, अभिषेक केला होता का? म्हणाला, "नाय. पावसाळ्यात दगडाला घाम येतोच, बाय." येतोही. आमच्या कोकणात जुन्या दगडाला येतो. पण ते पाणी दगडाचं होतं की मागच्या भिंतीतून येत होतं, हे कोण सांगणार? आणि साठ-सत्तर माणसं त्याच भिंतीखाली बसून पाकळी वाळायची वाट बघत होती.

तेव्हा मी माझ्या नियमाचा हत्यारासारखा वापर केला. म्हणाले, "देवानं आत्ता नाही म्हटलेलं नाही. मी यंत्र मागं पाठवते. पण माणसांच्या डोक्यावरून उडवायला मला बंदी आहे. परवाना जाईल, तुमच्यावरही केस होईल. सगळे बाहेर व्हा. एकूणएक."

देवाच्या नावानं जे झालं नसतं ते केसच्या नावानं झालं. पुरुष उठले, बायका पोरं घेऊन उठल्या. डोक्यावर ताडपत्र्या धरून सगळे समोरच्या मोकळ्या माळावर गेले. माझा मतलब तेवढाच होता. मालक गप्प बसला तर ती परवानगी नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी यंत्र उडवलं.

छोटं यंत्र होतं, पात्यांभोवती जाळी असलेलं. मंडपात नीट गेलं. गाभाऱ्यावर आलं आणि डुलायला लागलं. मी त्याला देवाच्या डोक्यावरून पुढं लोटलं. पडद्यावर काळं. मग करडे ठिपके. मग एक वाकडी रेघ, वरून खाली गेलेली. भेग असेल. मूळ असेल. जुनी वायर असेल. मी जवळ न्यायला गेले, काहीतरी खटकलं, पडदा गरगरला आणि थांबला. यंत्र फटीत पडलं. ते अजून तिथंच आहे.

मी बाहेर आले. माळावर सगळे भिजत उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मावशी पुढं होती. मला माहीत नव्हतं काय ते. हेच सांगायचं होतं, तीनच शब्द, मला माहीत नाही. पण तेवढ्यानं ही माणसं परत आत गेली असती. मी म्हणाले, "भिंत फाटलीय. मी डोळ्यांनी बघितलं."

मावशी वळली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली. तिच्यामागून सगळी वाडी.

पोलादपूरला एका हॉलमध्ये सगळ्यांची सोय झाली. पाच दिवस राहिले. इकडे शेतात तरवा, म्हणजे लावणीला काढायची भाताची रोपं, पिवळी पडली. कुणाची लावणी अर्धी राहिली, कुणाची झालीच नाही. पाऊस ओसरल्यावर परत गेले तेव्हा कड्यावरची भेग होती तशी, घरं होती तशी, आणि मंडपाची भिंतही होती तशी. काका म्हणाले, "एवढ्या पावसात उभी राहिली, म्हणजे पक्की की नाय?"

मग गावकी बसली. देवाच्या डोक्यावरून यंत्र नेलं म्हणून शांतीची पूजा केली, गाऱ्हाणं घातलं, आणि ठराव केला की देवळात कुठलंही यंत्र न्यायचं नाही. मला त्याची प्रत पाठवली. लेखी. माझं शिक्षण मलाच परत आलं. छपराखाली मालकाचा शब्द शेवटचा, आणि मालकानं आता लेखी नाही सांगितलं होतं. कुणी भिंत बघायची आता सोयच राहिली नाही. मी काकांना विनवलं, की निदान बांधकामाचा जाणकार माणूस बोलवा. ते म्हणाले, "तोसुद्धा डोक्यावर चढूनच बघनार ना? देव तारी त्याला कोण मारी. सोड आता."

दिवाळीत मावशीकडे गेले होते. चुलीपाशी बसलो असताना ती म्हणाली, "तो पिच्चर दाखव. भिंतीचा." मी टाळाटाळ केली. ती हात पुढं करून बसली. शेवटी फोनवर लावून दिला. तिनं तो दोनदा बघितला. काळं, करडं, वाकडी रेघ, गरगर. फोन मला परत दिला, भाकरी उलटली, आणि म्हणाली, "यात काय दिसत नाय."

"नाही दिसत."

"तू म्हनालीस, डोळ्यांनी बघितलं."

तिनं मला ओरडायला हवं होतं. लहानपणी खोटं बोलले की फुंकणी उगारायची. त्या दिवशी तिनं मला पहिली भाकरी वाढली आणि दुसरी थापायला घेतली. त्यानंतर तिचे फोन येत राहिले, पण जेवलीस का विचारून ठेवून द्यायची.

हे सगळं गेल्या वर्षीचं. आता या जुलैतली गोष्ट. परत तसाच पाऊस लागला. या वेळी मावशीचा फोन आला नाही, मीच लावला. म्हणाली, "दुपारी मंडपात चाललोय सगळी." मी म्हटलं, मी येते. "ये. पेटी आणू नको."

गेले. तेच सगळं, तोच धूर, पुढं पुरुष आणि मागं बायका. कुणी मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. गेल्या वर्षीच्या लावणीचा राग चेहऱ्यांवर होता. मावशी कोपऱ्यातच बसलेली, पाठ भिंतीला. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, सरक. तिला पुढं सरकवलं आणि भिंत आणि तिच्या मधे मी बसले. तिला कळलं मी काय केलं ते. ती पुढं बघत हळू आवाजात म्हणाली, "मागल्या साली तू माझ्यासाठी खोटं बोललीस, ते मला कळलं. पण आता तू खरं बोललीस तरी मी कसं ओळखू, सांग."

मी पाठ भिंतीला अजून घट्ट टेकवली.

बराच वेळ गेला. मग माझ्या पाठीला काहीतरी जाणवलं. थंडावा नव्हे, तो आधीपासून होता. आतून बारीक खरखरल्यासारखं, आणि थांबलं. भिंतीत झालं की माझ्याच पाठीत शिरशिरी आली, देव जाणे. मी हलले तशी मावशीनं मान वळवली.

"काय गो?"

फाटली म्हणावंसं वाटलं. काही नाही म्हणावंसंही वाटलं. दोन्ही माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी. मला खरंच माहीत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. किती महिन्यांनी असं बघितलं असेल. मग गाठोडं उचललं, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि म्हणाली, "मग ऊठ. हे खरं बोललीस."

आम्ही दोघी बायकांच्या पायांतून वाट काढत बाहेर आलो, माळावर. मी गाडीकडे निघाले. ती निघेना. पावसात उभी राहून तिनं आत हाक मारली. एकेकीला हाक मारली, जावेला, नणंदेला, व्याह्यांच्या सुनेला, नात्यानं. म्हणाली, "गो, बाहेर या. पोरीला माहीत नाय म्हनते."

आत कुणीतरी हसलं. काकांचा आवाज आला, "मावशे, माहीत नाय तर मग भिजतेस कशाला?"

ती पुन्हा पहिल्यापासून एकेकीला हाक मारायला लागली. कुणी उठलं नाही.